बाई म्हणतील तसं

२०२० संपत आलं होतं. मुलाच्या शाळेने पालकांच्या ग्रुपवर एक पीडीएफ टाकली. तो तेव्हा नववीत होता. राज्य सरकारने २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी दिली होती, पण शेवटचा शब्द स्थानिक प्रशासनाचा ठेवला होता. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांनी थांबायचं ठरवलं. पुण्यात पुढे ४ जानेवारीची तारीख निघाली आणि त्याआधी आमच्याकडे हा कागद आला, पालकांचं संमतीपत्र. पाल्याला शाळेत पाठवायला माझी हरकत नाही. त्याला ताप, सर्दी, खोकला नाही. घरात कोणी बाधित नाही. मास्क, सॅनिटायझर, पाण्याची बाटली ही माझी जबाबदारी. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. त्याखाली आई आणि वडील अशा सह्यांसाठी दोन रेघा.

लेखी संमती घ्यावी असं सरकारी सूचनांमध्येच होतं आणि ते योग्यच होतं. हजेरीची सक्ती नव्हती, ज्याला मूल पाठवायचं नाही त्याला ऑनलाइनची वाट मोकळी होती. पालकाला नाही म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे, आपल्याकडे शाळेला नाही म्हणायची कोणाला सवयच नसते. पण ती शेवटची ठळक ओळ आमच्या शाळेने आपली आपण जोडलेली होती. आणि मला जे जाणून घ्यायचं होतं त्यातलं काहीच त्या कागदात नव्हतं. एका वर्गात किती मुलं बसणार? खिडक्या उघड्या राहणार का? शिक्षकांच्या चाचण्या झाल्या, त्यांत कोणी बाधित निघालं का? एखादं मूल बाधित निघालं तर बाकीच्या घरांना कोण कळवणार आणि किती वेळात? ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, शासनाच्या सर्व मार्गदर्शक सूचनांचे पालन करण्यात येईल.

आम्ही दोघांनी ती शेवटची ओळ खोडली, खाली आमचे प्रश्न लिहिले आणि सही करून कागद पाठवला. प्रश्नांची उत्तरं कधीच आली नाहीत. मुलगा मात्र जानेवारीत शाळेत जायला लागला, कारण घरात बसून तो मिटत चालला होता. कॅमेरा बंद, माइक बंद, जेवायला बोलावलं तरी ‘येतो’ एवढंच. विश्वास ठेवून त्याला पाठवलं असं मी म्हणणार नाही. दुसरा रस्ता दिसत नव्हता म्हणून पाठवलं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, कागदावर सही असते आणि मूल बाकावर असतं. सरकारदरबारी त्याची नोंद ‘पालकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ अशी होते. कोविडच्या त्या दोन वर्षांत आम्ही पालक नेमके कोणावर विसंबलो आणि कोणावर नाही, याचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही, तो या फरकामुळेच.

माझी नणंद जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी. निम्मी मुलं गावठाणातली, निम्मी डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ आणि डाळी-कडधान्यं पालकांना वाटून टाका, असा आदेश आला. शाळेच्या पटांगणात फक्कीने गोल आखले, एकेका गोलात एकेक आई पिशवी घेऊन उभी. ताई आणि त्यांचे सहकारी गुरुजी व्हरांड्यात वजनकाटा मांडून बसलेले. मुलाचं नाव, इयत्ता, सही नाहीतर अंगठा, मग तांदूळ. ताई सांगतात, त्या रांगेत तांदळाबद्दल कोणी फारसं बोलतच नव्हतं. प्रश्न वेगळेच होते. बाई, पोरांना हे होतं का? बाई, मुंबईवरनं दीर आलाय, त्याला घरात घ्यायचा का? बाई, टीव्हीत म्हणत्यात ते खरं का?

ताईंना तरी कुठे काय ठाऊक होतं! पण त्यांनी एक केलं. जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणाल्या. “प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारते आणि सांगते.” आणि खरोखर विचारायच्या. वाडीत स्मार्टफोन मोजकेच, तेही बापाच्या खिशात आणि बाप कामावर. म्हणून निरोप गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईबरोबर, दूधवाल्याबरोबर, कधी स्वतः चालत जाऊन.

सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, नोंद करायची. अनेक गावांत या कामाला शिक्षकही होते. तेव्हा लोक ताप लपवत होते हे सगळ्यांना माहीत आहे. ताप सांगितला की गाडी येते, सेंटरला नेतात, आणि नेलेला माणूस घरी येत नाही, अशी समजूत गावोगाव पसरली होती. शहरातही पसरली होती, आमच्या सोसायटीत पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन लिफ्टमधून खाली उतरणारे होतेच. पण ताई आणि आशाताई दारात आल्या की वाडीतल्या बाया हळूच सांगायच्या, सासऱ्याला रात्री कणकण होती बघा. आधी तालुक्याहून एक पथक येऊन गेलं होतं, त्या दिवशी त्याच घरात सगळे ठणठणीत होते.

मी हे ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यात जादू काहीच नाही. ज्या बाईने मुलीचं आधार कार्ड काढायला तालुक्याला हेलपाटे घातले, शिष्यवृत्तीसाठी बँकेत खातं उघडून दिलं, नवरा पिऊन मारतो तेव्हा जिच्यापुढे रडता आलं, तिलाच माणूस खरं सांगणार. त्या रांगेतला विश्वास महासाथीत जन्मलेला नव्हता. तो आधीच्या दहा-बारा वर्षांत थोडा थोडा साठला होता आणि २०२०मध्ये त्यातून खर्च झाला.

पुढे ताईंनी वर्ग घ्यायला सुरुवात केली. शासनाचा ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू होता, रोज व्हॉट्सॲपवर धड्यांच्या लिंक यायच्या. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, ती मात्र मुलं आवडीने बघायची, ज्यांच्या घरी टीव्ही होता ती. वाडीसाठी हे पुरेसं नव्हतं. मग समाजमंदिराच्या ओट्यावर पाच-सहा मुलांना लांब लांब बसवायचं, तासभर वाचन, गणितं, की पुढचा गट. सोलापुरात नीलमनगरला एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले, त्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. राज्यभर असे कितीतरी शिक्षक आपापली वाट काढत होते. परवानगीच्या बाबतीत हे सगळं अर्धवट अंधारात होतं. ताईंनी आधी आयांना गोळा करून सांगितलं होतं, असं असं करायचं मनात आहे, धोका आहे, मी पूर्ण काळजी घेईन, पण हमी देता येणार नाही, काय करू? उत्तर एकच आलं, “बाई म्हणतील तसं.”

मी त्यांना फोनवर विचारलं, “ताई, तुम्हाला भीती नाही वाटत? उद्या कोणाला काही झालं तर?”

“वाटते की हो वहिनी,” त्या म्हणाल्या. “पण त्यांच्या पोराला काही झालं तर मला त्यांच्याच दारात तोंड दाखवायचंय. म्हणून मी दहा वेळा विचार करते. जीआर काढणाऱ्याला कुठे कोणाच्या दारात जायचंय?”

एप्रिल २०२१मध्ये गावात एकापाठोपाठ एक माणसं आजारी पडू लागली. एका मुलाचे आजोबा नारायणगावला दवाखान्यात नेताना वाटेतच गेले. कुठलाही आदेश यायच्या आधी ताईंनी ओट्यावरचा वर्ग बंद केला आणि प्रत्येक घरी जाऊन का बंद केला ते सांगितलं. पुन्हा कधी सुरू करता येईल हे आत्ता माहीत नाही, हेही सांगितलं. ‘बाई म्हणतील तसं’ या वाक्याची खरी कसोटी मला इथे दिसते. त्या ‘उघडू’ म्हणाल्या तेव्हा लोकांनी ऐकलं आणि ‘बंद’ म्हणाल्या तेव्हाही ऐकलं, कारण दोन्ही वेळा कारण समोर ठेवलेलं होतं.

आता आमच्याकडचं बघा. ऑगस्ट २०२१. दुसरी लाट ओसरली होती. शिक्षण विभागाने १७ ऑगस्टपासून शाळा सुरू करण्याचं जाहीर केलं, तसा निर्णयही निघाला. दोन-तीन दिवसांत राज्याच्या कोविड कृती दलातल्या डॉक्टरांनी हरकत घेतली आणि निर्णयाला स्थगिती आली. शाळा उघडल्या त्या ४ ऑक्टोबरला, ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरांत आठवी ते बारावी. निर्णय बदलला याचा मला राग नाही. रोग नवा होता, डॉक्टर रोज शिकत होते, बदलायलाच हवं होतं. पण शिक्षण विभाग आणि कृती दल एकमेकांशी बोलल्याशिवायच तारीख जाहीर होते, हे आम्ही घरात बसून पाहिलं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांना कशाची काळजी वाटत होती आणि ऑक्टोबरपर्यंत त्यातलं काय बदललं, हे सामान्य पालकाला कळेल अशा भाषेत कोणी येऊन सांगितलं नाही. आम्हाला तारखा मिळाल्या, त्यांच्यामागचा विचार मिळाला नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव म्हणाले होते की शाळा उघडायच्याच तर आधी प्राथमिक शाळा उघडणं शहाणपणाचं ठरेल, लहान मुलं विषाणूला मोठ्यांपेक्षा चांगलं तोंड देतात. देशपातळीवरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात सहा ते सतरा वयोगटातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती, म्हणजे शाळा बंद असूनही त्यांना संसर्ग होऊन गेला होता. आपल्याकडे झालं उलटं, आधी मोठी मुलं, मग लहान. त्यामागे कारणं असतील. मोठी मुलं मास्क नीट लावतात, त्यांच्या परीक्षा तोंडावर असतात, पटण्यासारखीच कारणं आहेत. पण दोन अधिकारी तोंडं दोन गोष्टी सांगत असतील तर त्यांतली एक का निवडली हे आई-बापांना सांगायला नको? माझी मुलगी त्या वर्षी दुसरीत होती. पहिलीचं अख्खं वर्ष तिने शाळेची इमारत आतून पाहिली नव्हती. पुण्यात तिचा वर्ग १६ डिसेंबरला उघडला, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाला, १ फेब्रुवारीला पुन्हा उघडला. ती मला विचारायची, “आई, आता कोणी ठरवलं?” मी म्हणायचे, सरकारने. “सरकार म्हणजे कोण?” हा प्रश्न सात वर्षांच्या मुलीचा होता, पण तिला नाव-गाव सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

भीतीचं राज्यही याच पोकळीत वाढलं. मे २०२१मध्ये जिकडेतिकडे तिसरी लाट लहान मुलांना गाठणार अशी चर्चा होती. नगर जिल्ह्यात एका महिन्यात हजारो मुलं बाधित झाल्याचे मथळे आले, रुग्णालयांत लहान मुलांचे वॉर्ड सजवले जाऊ लागले, भिंतींवर कार्टून रंगवल्याचे फोटो छापून आले. तयारी हवीच होती, ती सुरू केली हे सरकारचं चांगलंच काम. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या नेतृत्वाखाली बालरोगतज्ज्ञांचं वेगळं कृती दल नेमलं, तेही चांगलं केलं. पण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच महिन्यात सांगितलं होतं की तिसरी लाट प्रामुख्याने मुलांनाच गाठेल असं मानायला आधार नाही. ते किती घरांपर्यंत पोचलं? वॉर्डातल्या कार्टूनचा फोटो मात्र प्रत्येक फोनवर पोचला. आमच्या शेजारची एक आई रोज रात्री झोपलेल्या मुलाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघत बसायची. तिला काळजी करू नकोस म्हणून काही उपयोग नव्हता.

मला सावरलं ते आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी. वस्तीतला साधा दवाखाना, वर्षानुवर्षं तिथेच. मी माझ्या प्रश्नांची यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, “यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आज कोणाकडेच नाहीत. जे माहीत आहे ते सांगतो. पुढच्या महिन्यात मी वेगळं सांगितलं तर समजा की नवी माहिती आली आहे.” जानेवारी २०२२मध्ये १५ ते १८ वयोगटासाठी कोव्हॅक्सिन सुरू झाली. मुलगा तेव्हा नुकताच त्या वयात आला होता. मी त्यांनाच फोन केला. त्यांनी पाच मिनिटांत फायदा काय, त्रास काय होऊ शकतो, कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचं ते सांगितलं आणि आम्ही जाऊन लस घेतली. जाहिराती मी खूप पाहिल्या होत्या. पाऊल उचललं गेलं ते त्या फोनमुळे.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची गोष्ट यापेक्षा अगदी वेगळी आहे. त्यांचा मुलगा तेव्हा महापालिकेच्या शाळेत सहावीत होता. घरात एक फोन, तो मावशींबरोबर कामावर. त्यांना लाटेची भीती नव्हती असं नाही, त्यांच्या चाळीत माणसं गेली होती. पण त्या मला दर आठवड्याला विचारायच्या, “ताई, तुमच्या शाळेतनं काही कळलं का? कधी उघडायची?” आमच्या शाळेतून कळेल आणि त्यांच्या शाळेतून कळणार नाही, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. “घरी ठेवून येते, पण दिवसभर तो कुठे असतो काय ठाऊक. शाळेत असला की निदान चार भिंतींत असतो.” काही महिन्यांत तो एका भाजीवाल्याच्या टेम्पोवर जायला लागला. पैसे आणायचा. तो परत शाळेत आला ते मावशींच्या हट्टामुळे, आणि वर्गशिक्षक वस्तीत येऊन दोनदा भेटून गेले त्यामुळे.

जुलै २०२१मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पालकांना ऑनलाइन विचारलं होतं, मुलांना शाळेत पाठवाल का? सुमारे ७ लाख पालकांनी उत्तर दिलं आणि त्यांतले ८१ टक्क्यांहून अधिक पाठवायला तयार होते. त्या सुमारास आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मात्र ‘आमची मुलं प्रयोगाचे उंदीर नाहीत’ अशी भाषा चालू होती. ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. गावांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती अवघी ८ टक्के, आणि ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. तिथल्या जवळजवळ सगळ्या पालकांना शाळा उघडायला हवी होती. आमच्या ग्रुपवरच्या आयांचं काळीज खोटं नव्हतं आणि मावशींचंही नव्हतं. पण वायफाय, वेगळी खोली आणि घरी थांबणारं माणूस ज्यांच्याकडे होतं त्यांना थांबणं परवडत होतं. टीव्हीवरच्या चर्चेत आणि वर्तमानपत्रात ‘पालकांचं मत’ म्हणून जे यायचं ते बहुतेक आमच्यासारख्यांचं असायचं. मावशींना कोणी विचारलं नाही, आणि तो सर्व्हेही फोनवर भरायचा होता.

खासगी शाळांतला विश्वास आणखी एका कारणाने तुटला, ते म्हणजे फी. ८ मे २०२०ला राज्य सरकारने त्या वर्षी फीवाढ करू नका असा आदेश काढला. संस्थाचालक न्यायालयात गेले, जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. मे २०२१मध्ये राजस्थानातल्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्के कपात ठरवली, मग ऑगस्टमध्ये आपल्या राज्याने तसाच आदेश काढला. तोवर दीड वर्ष गेलं होतं. माझ्या ओळखीत एका घरी वडिलांची नोकरी गेली, फी थकली आणि मुलाला ऑनलाइन वर्गाची लिंक येणं बंद झालं. सकाळी आठ वाजता गणवेशाचा शर्ट घालून तो मुलगा स्क्रीनसमोर बसला होता. आपल्याला वगळलंय हे त्याला मित्राकडून कळलं. शिक्षकांचे पगार द्यायचे असतात, छोट्या शाळांचे हाल झाले, हे मला मान्य आहे. तरीही पैशांचा वाद मोठ्यांशी करायचा असतो. त्या घराने मुलाला पुढच्या वर्षी महापालिकेच्या शाळेत घातलं. असं करणारे ते एकटे नव्हते. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८मधल्या ६५.६ टक्क्यांवरून २०२२मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. त्यात पैशाची ओढगस्त होतीच, आणि माझ्या मते, अडचणीच्या वेळी दारात कोण आलं याची आठवणही असणार.

महासाथ आणि सरकार यांचं नातं आमच्या पुण्याला नवं नाही. मार्च २०२०मध्ये राज्यात जो साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला तो १८९७चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी याच शहरात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घुसवले, झडत्या घेतल्या, माणसांना उचलून विलगीकरण छावण्यांत नेलं. लोकांनी रुग्ण माळ्यावर, धान्याच्या कणग्यांमागे लपवले. पुढे २२ जूनला चापेकरांची गोळी सुटली. त्याच वर्षी, त्याच शहराच्या हद्दीवर हडपसरच्या माळावर सावित्रीबाई आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. त्या पोराच्या आई-बापांनी सावित्रीबाईंच्या पाठीवर आपलं मूल दिलं, आणि छावणीच्या गाडीपासून शहरभर लोक मुलं लपवत होते. दोन्हीकडे रुग्णाला घरातून हलवणंच होतं. मला या दोन चित्रांत सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुणं दिसतं आणि आपल्या दोन वर्षांचाही बराच भाग दिसतो. ताईंसारख्या शिक्षिका त्या परंपरेतल्या आहेत असं मी मनापासून मानते. कोविड ड्यूटी करताना राज्यात कितीतरी शिक्षक गेले. त्यांच्या कुटुंबांना मदतीसाठी कागद घेऊन फिरावं लागलं, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटायला हवी अशी गोष्ट आहे.

हे काय केवळ माणसाच्या चांगुलपणावर सोडायचं? ताई बदलून गेल्या की वाडीचा विश्वास दुसऱ्या तालुक्यात जाणार. म्हणून मला व्यवस्थेत आधीच असलेल्या गोष्टींकडे बोट दाखवावंसं वाटतं. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे मावशींसारख्या बाईला शाळेबद्दल बोलण्याचा कायदेशीर हक्क २०१०पासून आहे. शाळा बंद-चालू करण्याच्या त्या सगळ्या उलथापालथीत या समित्यांना नीट विचारलं गेलं असतं तर? जुलै २०२१मध्ये एकदा तसं जवळपास झालंही. कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली आणि त्यासाठी पालकांशी चर्चा, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि ग्रामपंचायतीचा ठराव अशी अट होती. ताईंच्या शेजारच्या गावातलं हायस्कूल तसं सुरू झालं. बैठक देवळासमोर झाली, अडीच तास चालली, भांडणं झाली. ज्यांचा विरोध होता त्यांची नावं आणि कारणं ठरावात लिहिली गेली. विरोध करणाऱ्यांनीही पुढच्या आठवड्यात मुलं पाठवली, कारण त्यांचं म्हणणं वहीत होतं आणि एक रुग्ण निघाला तरी वर्ग थांबवायचा, हे त्यांच्याच आग्रहाने ठरलं होतं. त्या गावाचा निर्णय बरोबर होता की चूक, हे वेगळं. तो त्यांचा होता.

आमच्यासारख्या खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो, पण तो स्नेहसंमेलन आणि सहलीपुरता. गेल्या काही वर्षांत पुण्यात पावसाळ्यात रेड अलर्टमुळे शाळा बंद ठेवायची वेळ वारंवार येते. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, त्या सकाळी आमच्या ग्रुपवर पुन्हा तेच चित्र होतं. कोणी म्हणतंय सुट्टी आहे, कोणी म्हणतंय बस निघाली, कोणी बनावट परिपत्रक पुढे ढकलतंय. आम्ही काही पालकांनी संघाच्या बैठकीत प्रस्ताव मांडला. शाळा बंद किंवा सुरू ठेवण्याच्या प्रत्येक सूचनेत निर्णय कोणी घेतला त्या व्यक्तीचं नाव असावं, कोणत्या माहितीवरून घेतला हे दोन ओळींत असावं, पुढचा निर्णय कधी कळेल ती वेळ असावी आणि शंका विचारायला एक फोन नंबर असावा. शिवाय जबाबदारी झटकणारी ओळ कोणत्याही संमतीपत्रात घालू नये. चर्चा तापली. शिक्षकांचा आक्षेप होता की नंबर दिला तर दिवसभर फोन घेत बसावं लागेल, आणि तो रास्त होता. म्हणून पहाटे सहा ते आठ एवढीच वेळ ठरली.

यातल्या चार गोष्टी मान्य झाल्या आणि पुढच्याच अलर्टपासून तशा सूचना यायला लागल्या. संमतीपत्रातल्या ओळीवर संस्थेच्या वकिलांचं मत घ्यायचं आहे असं सांगण्यात आलं आहे. जूनमधल्या पहिल्या बैठकीत तो विषय पुन्हा पटलावर आणणार आहोत, आणि या वेळी ज्यांची मुलं शिक्षण हक्काच्या राखीव जागांवर शिकतात त्या पालकांनाही बैठकीची सूचना वेळेत मिळेल, हे आम्ही स्वतः पाहणार आहोत.